जुन्या बाइकची अॅल्युमिनियमची इंजिन कव्हरं पुन्हा पुन्हा पांढरी पडतात: काय तपासायचं, काय करायचं, कुठे थांबायचं

दसऱ्याला आरशासारखं चमकवलेलं क्लच कव्हर तुळशीचं लग्न लागेपर्यंत करडं पडतं आणि पुढच्या श्रावणात त्यावर मिठासारखी पांढरी पूड उगवते. घासलं की चमक परत येते, महिना-दीड महिन्यात जाते. ठाण्यात आणि नवी मुंबईत जुनी बुलेट, येझदी किंवा जावा वापरणाऱ्या बहुतेकांचा हा दरवर्षीचा अनुभव. दर घासणीला थोडा धातू जातो, कडा गोल होतात, कव्हरवरची उठावदार अक्षरं बोथट होतात, आणि ती परत येत नाहीत. म्हणून पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी चमक नेमकी कशाने जाते ते शोधायचं. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो. बहुतेक गाड्यांचं दुखणं पहिल्या पाच-सहा पायऱ्यांतच सापडतं.

आधी लक्षणं नीट बघा

गाडी धुवून, पुसून, थंड इंजिनावर उजेडात बघा. एकाच कव्हरवर दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात.

- सगळीकडे सारखा करडेपणा, पण हाताला गुळगुळीत: साधं ऑक्सिडेशन. सगळ्यात सोपी केस.
- पांढरी पूड किंवा खरखरीत पांढरे ठिपके: क्षारांमुळे सुरू झालेला गंज, किंवा नुसते पाण्याचे डाग. दोन्ही दिसायला सारखेच.
- पिवळट झाक आणि तिच्याखाली गांडुळाच्या वाटेसारख्या बारीक वळणदार रेषा: जुनं लॅकर (धातूवरचा पारदर्शक रंगाचा थर) फुटलंय आणि गंज त्याच्या आत पसरतोय. वरून कितीही पॉलिश चोळलं तरी या रेषा हलणार नाहीत.
- धुतल्यानंतर लगेच आलेला काळपट किंवा राखाडी डाग, बहुधा ओघळाच्या आकाराचा: धुण्याचं रसायन.
- फक्त स्क्रूच्या डोक्यांभोवती पांढरी कडी.
- फक्त एका बाजूला, वरून खाली ओघळत गेलेला पट्टा: बॅटरीवर संशय घ्या.
- पॉलिश केल्यावरही उरणारे टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके: खड्डे. तिथला धातू खाल्ला गेलेला आहे.
- कव्हरच्या जोडावर ओलसर काळी रेघ: ही चमकेची तक्रार नाही, तेलगळती आहे. तिच्यावर पॉलिश लावू नका.

अॅल्युमिनियम गंजतं कसं

उघड्या अॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर म्हणजेच त्याचं चिलखत. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान तो टिकतो (पीएच ७ म्हणजे ना आम्ल, ना अल्कली). त्याहून आंबट किंवा त्याहून अल्कलीयुक्त काही लागलं की थर विरघळतो आणि खालचा धातू उघडा पडतो. दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे साधं मीठ. ते थराला जागोजागी भोकं पाडतं आणि खड्डे तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचं खाडीमुख आणि जुलैत ८० टक्क्यांच्या वर जाणारी आर्द्रता. मिठाचे कण कव्हरवर बसतात, हवेतलं पाणी ओढून घेतात आणि रात्रभर ओले राहतात. पाऊस पडत नसतानाही कव्हर पांढरं पडतं ते यामुळे.

१. नख आणि ओलं फडकं

साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने डाग पुसा. गेला तर ती धूळ होती. नाही गेला तर नख फिरवा. नख अडकलं नाही तर काम पृष्ठभागावरच संपेल. अडकलं तर खड्डा आहे आणि तो पॉलिशने भरणार नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि पुढे किती मेहनत करायची हे तिच्यावरच ठरतं.

२. लोहचुंबक आणि काळं फडकं

चुंबक चिकटला तर ते क्रोम केलेलं पोलादी कव्हर आहे. त्याला पॉलिश पेपर अजिबात लावू नका. क्रोमचा थर फार पातळ असतो.

चुंबक चिकटला नाही तर न दिसणाऱ्या जागी मेटल पॉलिशचा थेंब लावून फडक्याने अर्धा मिनिट चोळा. फडकं लगेच काळं झालं तर उघडं अॅल्युमिनियम. स्वच्छ राहिलं तर वर लॅकर आहे, किंवा क्रोम, किंवा अॅनोडायझिंग (विजेने मुद्दाम चढवलेला जाड ऑक्साइड थर). ही पायरी टाळल्यामुळे वाया जाणारी मेहनत सगळ्यात जास्त. लोक लॅकरवर तासभर पॉलिश चोळतात आणि पॉलिशला नावं ठेवतात.

३. व्हिनेगर

पांढरे ठिपके बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे असू शकतात. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांना हे पाणी ओळखीचं आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, कापसाचा बोळा भिजवून एका ठिपक्यावर एक मिनिट धरा, मग भरपूर पाण्याने धुवा. ठिपका विरघळला तर तो पाण्यातला चुना होता. काम संपलं. जसाच्या तसा राहिला तर ऑक्साइड. मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, कारण आम्ल धातूलाही लागतं.

लिंबू आणि मीठ एकत्र चोळणं मात्र पूर्ण बंद. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि ते आपण स्वतःच्या हाताने रगडून आत बसवतो. तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडरही इथे चालत नाही. ती दुसऱ्या धातूंसाठी बनवलेली आहे.

४. गाडी कशाने धुतली जाते

वॉशिंग सेंटरवर फवारला जाणारा फेस अनेकदा तीव्र अल्कलीचा असतो. रंगाला तो एखाद्या वेळी सोसतो, उघड्या अॅल्युमिनियमला नाही. गरम इंजिनावर मारला तर ओघळ तिथेच वाळतो आणि काळा-राखाडी डाग कायमचा बसतो. फवारण्याआधी विचारा: यात कॉस्टिक आहे का? उत्तर मिळालं नाही तर इंजिन सोडून बाकी गाडी धुवायला सांगा. घरी कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा दोन्ही टाळा. सोड्याच्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास जातो.

योग्य पद्धत: इंजिन पूर्ण थंड. तेलकट भागाला थोडं डिझेल आणि जुना टूथब्रश. मग बादलीभर पाण्यात दोन झाकणं कार शाम्पू, भरपूर साधं पाणी, आणि शेवटी कोरडं सुती फडकं. फिन्समधलं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमधलं) आणि स्क्रूच्या खाचांतलं पाणी निघावं म्हणून पाच-सात मिनिटांची फेरी मारून आणा. पुढचा साबण-फडक्याचा सगळा खर्च या फेरीने वाचतो.

खंडेनवमीची पूजा झाली की कव्हरवरचं ओलं कुंकू आणि नारळाचं पाणी त्याच संध्याकाळी पुसून घ्या. पारंपरिक कुंकवात हळदीला चुन्याने लाल केलेलं असतं, आणि चुना अल्कली आहे. हाराचा ओला झेंडूही कव्हरला टेकून रात्रभर ठेवू नका. हार हँडलला शोभतो.

५. गाडी कुठे आणि कशाखाली उभी असते

प्लास्टिकचं आवरण ओल्या गाडीवर घातलं की आत वाफ कोंडते. उघड्या पावसात उभी राहिलेली गाडी वारा लागला की वाळते, झाकलेली दोन-दोन दिवस ओली राहते. वाशी, ऐरोली, बेलापूर, कोलशेत अशा खाडीकाठच्या भागात तर आवरणाच्या आतल्या बाजूलाही मीठ साठतं. कापडी, हवा खेळणारं आवरण घ्या, गाडी वाळल्यावरच घाला, आणि ते आवरणही महिन्यातून एकदा धुवा. स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी पाण्याच्या पाइपखाली किंवा गटाराच्या जाळीवर उभी नाही ना, हे बघा.

६. बॅटरीची नळी

एकाच बाजूला ओघळासारखा पट्टा असेल तर पाणी घालायच्या बॅटरीची ओव्हरफ्लो नळी शोधा. ती निखळलेली, चेपलेली किंवा आखूड कापलेली असते आणि गंधकाम्लाचे थेंब थेट कव्हरवर पडतात. चार्जिंग जास्त होत असेल तर हे आणखी वाढतं. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्या पट्ट्यावर ओता. फेस आला तर आम्लच होतं. फेस थांबेपर्यंत ओता आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. नवी नळी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खालपर्यंत, साखळीपासून आणि सायलेन्सरपासून लांब न्या. नळी न बदलता कव्हर पॉलिश केलंत तर पट्टा महिन्याभरात त्याच जागी परत दिसेल.

७. स्क्रू

स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी कडी म्हणजे दोन धातूंमधला गंज. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम झिजतं. जुने स्क्रू काढून हौसेने स्टेनलेसचे अॅलन बोल्ट लावणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. स्टेनलेस स्वतः छान राहतं, आटे मात्र कव्हरच्या मागे गुपचूप जाम होतात.

एका वेळी एकच स्क्रू काढा, आटे आणि खाच स्वच्छ करा, आट्यांना अगदी थोडं लिथियम ग्रीस लावा, आणि लगेच परत बसवा. असं केलं की गॅस्केटवरचा (जोडातून तेल गळू न देणाऱ्या पातळ पट्टीवरचा) दाब एकदम सुटत नाही. ६ मिलिमीटरच्या स्क्रूला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, ग्रीस लावलं असेल तर खालची मर्यादा धरा. जपानी गाडीवरच्या चौफुली स्क्रूला साधा फिलिप्स लावला तर तो चढतो आणि डोकं खराब करतो. त्यासाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या.

इथे थांबा: स्क्रू हलत नसेल तर पहिला उपाय भेदक तेल आणि एक रात्र, दुसरा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्यानेही हलला नाही, किंवा डोकं तुटलं, तर ड्रिल हातात घेऊ नका. वेडंवाकडं भोक पडलं की क्रँककेसचं (इंजिनाच्या मुख्य पेटीचं) नुकसान होतं. तुटलेला स्क्रू काढून हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवणं हे मशीन शॉपचं काम.

८. कव्हर काढायचं की गाडीवरच काम करायचं

हलक्या करडेपणासाठी कव्हर काढायची गरज नाही. जोड, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) आणि ऑइल सीलजवळ मास्किंग टेप लावा आणि गाडीवरच काम करा. लॅकर काढायचं असेल किंवा खड्डे असतील तरच कव्हर उतरवा, आणि नवं गॅस्केट आधी हातात असू द्या.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं डावं प्रायमरी कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं. फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागतं, आणि आत साधारण ४२० मिली तेल असतं, म्हणून खाली परात ठेवा. बसवताना हा नट जीव लावून आवळू नका. कव्हर वाकतं आणि रबरी रिंगपाशी गळती सुरू होते.

त्याच बुलेटचं उजवं टायमिंग कव्हर मात्र घरी काढू नका. त्या कव्हरमधून क्रँकच्या बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे) तेल जातं, आणि ती वाट एका छोट्या कॉर्क सीलवर अवलंबून असते. सील चुकीचं बसलं तर बाहेरून काहीच दिसत नाही, आत बिग एंड कोरडं चालतं. चमकेसाठी हा धोका घेण्यासारखा नाही. ते गाडीवरच पॉलिश करा.

येझदी-जावाच्या क्लचच्या बाजूचं कव्हर काढण्याआधी तेल सोडा. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतील तर पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, ज्याचा स्क्रू त्याच भोकात खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो तळाला टेकतो, कव्हर मात्र सैल राहतं.

९. लॅकर काढणं आणि पेपर

लॅकर पेपरने घासून काढू नका. पेंट रिमूव्हर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पाण्याने धुवा. हे गॅलरीत किंवा मोकळ्या जागेतच करा, रसायनाला टिकणारे जाड हातमोजे आणि चष्मा घालून. एक थेंब टाकीवर पडला तर टाकीचा रंग फुगतो. कॉस्टिक सोड्यात बुडवून लॅकर काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अॅल्युमिनियम त्यात विरघळतं आणि ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

मग वॉटर पेपर. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. एका कव्हरला प्रत्येक नंबरचे दोन कागद पुरतात. नुसत्या करडेपणाला ८०० पासून सुरुवात करा. ओरखडे असतील तर ४०० पासून. ३२० फक्त खड्ड्यांसाठी. पुढे ६००, ८००, १०००, १५००, २०००. पेपर पाण्यात भिजवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. सपाट भागावर पेपर रबराच्या तुकड्याला गुंडाळा, नुसत्या बोटाने घासलं तर चर पडतात.

निकाल ठरवणारी गोष्ट एकच: प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला, आणि आधीच्या नंबरची शेवटची आडवी रेघ जाईपर्यंत पुढच्याला हात लावू नका. ६०० ची उरलेली रेघ २००० ने जात नाही. ती पॉलिशनंतर उन्हात उठून दिसते आणि सगळं पुन्हा ६०० पासून करावं लागतं. हाताने एका कव्हरला चार-पाच तास धरा. उठावदार अक्षरांवर ८०० च्या खालचा पेपर नको. गॅस्केट बसते त्या कडेला कुठलाच पेपर नको, तिथला थोडासा उंचसखलपणाही गळतीला पुरतो.

तारेची घासणी, स्टील वूल, लोखंडी वायर ब्रश: तिन्ही वर्ज्य. लोखंडाचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उमटतात. घासायचंच असेल तर नायलॉनची हिरवी किंवा करडी घासणी.

शेवटी ऑटोसॉल किंवा तत्सम मेटल पॉलिशची पेस्ट, जुन्या बनियनच्या कापडावर वाटाण्याएवढी. काळं पाणी सुटेपर्यंत चोळा, स्वच्छ कापडाने उतरवा, पुन्हा एकदा. ब्रासो वापरलं तर नंतर साबणाच्या पाण्याने धुवाच. त्यात अमोनिया असतो, आणि खाचांत राहिलेली पांढरी पूड पुढे डाग बनते.

१०. बफिंग

बेंच ग्राइंडरला कापडी चाक लावून घरी बफिंग करू नका. चाकाने कड पकडली की कव्हर हातातून हिसकलं जातं. शिवाय अॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. त्याच मशीनवर लोखंड घासलं आणि ठिणगी उडाली तर ती आग पाण्याने विझत नाही, भडकते. खड्डे खोल असतील किंवा चार-पाच कव्हरं असतील तर वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातल्या बफिंगवाल्याकडे द्या. देण्याआधी बेअरिंग, बुश, ऑइल सील काढून घ्या. सांगा: अक्षरं आणि कडा वाचवा, अॅल्युमिनियमसाठी वेगळं चाक वापरा, गॅस्केटच्या कडेला चाक लावू नका. सँड ब्लास्टिंग सुचवलं तर नकार द्या. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला तर बेअरिंग जातं.

कव्हरला तडा असेल, खड्डा अर्ध्या मिलिमीटरहून खोल असेल किंवा गॅस्केटच्या कडेपर्यंत पोचला असेल, तर पॉलिश बाजूला ठेवा. आधी टिग वेल्डिंग करणारा चांगला कारागीर गाठा.

चमक टिकवायची कशी

रोज वापरातल्या गाडीला या हवेत लॅकर मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर ते नीट धरत नाही, एक खडा उडाला की चीर पडते, आणि तिथून आत शिरलेलं खारं पाणी बाहेर येत नाही. गांडुळाच्या वाटा तिथूनच निघतात. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला लॅकर द्यायचंच असेल तर दोन घटकांचं, पण तेही स्प्रे बूथ असलेल्या पेंटरकडूनच. त्यातलं हार्डनर फुप्फुसांना घातक आहे आणि साध्या मास्कने अडत नाही. अॅनोडायझिंगचाही इथे उपयोग नाही, सिलिकॉन जास्त असलेलं ओतीव कव्हर त्यात करडं आणि डागाळलेलं निघतं. पावडर कोटिंग टिकाऊ आहे, पण मग ते उघड्या धातूचं कव्हर उरत नाही, आणि जुन्या सच्छिद्र ओतकामातून भट्टीत हवा निघून रंगात टाचणीची भोकं पडतात.

उरतं मेण, आणि तेच सगळ्यात सोयीचं. पॉलिशनंतर कव्हर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण पॉलिशमधल्या तेलावर मेण बसत नाही. थंड कव्हरवर कार्नोबा मेणाचा (एका पाम झाडाच्या पानांवरचं कठीण मेण) अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी पुसा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. क्लच कव्हरवर ते बऱ्यापैकी राहतं, सायलेन्सरच्या बेंडजवळच्या भागात नाही. तिथे सिंथेटिक पेंट सीलंट वापरा. बूट घासतो ती जागा सगळ्यात आधी उघडी पडते, तिला दर आठवड्याला एक हात.

मृग लागायच्या आधी दोन हात पूर्ण करा. जून ते सप्टेंबर दर तीन आठवड्यांनी एक हात, बाकीच्या वर्षात दोन महिन्यांनी. पावसातून आल्यावर साध्या पाण्याचा एक तांब्या आणि कोरडं फडकं. मीठ बसू दिलं नाही तर मेणाला फारसं काम उरत नाही. इंजिनातून काढलेलं काळं तेल पावसाळ्याआधी फासायची पद्धत सोडा, त्यात आम्लं आणि काजळी असते. खोबरेल तेल चिकट होऊन धूळ धरतं. गाडी तीन-चार महिने उभीच राहणार असेल तर गंजरोधक तेलाचा पातळ थर चालतो, पण बाहेर काढताना तो डिझेलने उतरवावा लागतो.

खड्डे खोल असतील आणि जुनं कव्हर पातळ होईपर्यंत घासायचं नसेल, तर आरशाचा हट्ट सोडा. ८०० च्या पेपरनंतर करड्या नायलॉन घासणीने एकाच दिशेने सारखा हात फिरवा आणि मेण लावा. हा मंद, रेशमी फिनिश खड्डे लपवतो, बोटांचे ठसे दाखवत नाही, आणि पावसाळ्यानंतर दहा मिनिटांत परत येतो.